सोळा रविवारांची यादी

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. बस नव्या रायपुरात शिरली होती आणि शेजारची सीट रिकामी होती... ती त्याची. उतरलो, तर परतीची बस मिळायला पन्नास मिनिटं लागली. त्याला आज चौदा आठवडे झाले.

आम्ही एकाच विभागात सव्वीस वर्षं काढली. दुसऱ्या मजल्याला चव्वेचाळीस पायऱ्या. आधी तो एकदा थांबायचा, मग दोनदा. चारदा थांबू लागला तेव्हा मीच त्याला समता कॉलोनीतल्या डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची झडप बदला, लवकर बदला, असं ते म्हणाले.

"पल्लवीले सांग," मी म्हटलं.

"काहून? तिले सहावा लागून राहिला, डॉक्टरनं पडून राहा म्हटलं. बाप म्हटलं की धावत येईल पोट्टी. बाळंतपण होऊ दे, मग कापू दे डॉक्टरले काय कापायचं ते."

पल्लवी त्याची एकुलती मुलगी, बंगळूरला असते. मराठी समजते, बोलते हिंदी. वहिनी गेल्यापासून दर रविवारी सकाळी नऊला तिचा फोन. ती लहान असताना इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून मनोहरनं एक खेळ लावला होता. तिनं 'हाऊ आर यू, बाबा?' विचारायचं, त्यानं दर वेळी तब्येत ठणठणीत असल्याचं नवं इंग्रजी सांगायचं. खेळ मोडला नव्हता. पण आता त्याला नवं काही सुचत नव्हतं, आणि जुनंच सांगितलं तर तिला शंका येईल ही भीती.

मी कॅलेंडर पाहिलं. बाळंतपणाच्या तारखेपर्यंत सोळा रविवार. शब्दकोश उघडून सोळा वाक्प्रचार काढले, आकडे घातले, कागद त्याच्या घरच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. फिट अ‍ॅज अ फिडल. इन द पिंक. साउंड अ‍ॅज अ बेल. 'राइट अ‍ॅज रेन' वाचून तो धाप लागेपर्यंत हसला. "पावसासारखा ठीक? ह्या साहेबलोकांनी आपल्या भनपुरीचा चिखल पाह्यला नाही!"

प्रत्येक फोननंतर तो काचेवर मार्करनं खूण करायचा. मी दर सोमवारी जाऊन खुणा मोजायचो. खुणांबरोबर त्याचे पाय सुजत होते, तेही दिसत होतं... पण मी आठवडे मोजत राहिलो. बाराव्या रविवारनंतरच्या मंगळवारी तो गेला. खुणा अकराच होत्या.

अग्नी जावयानं दिला. पल्लवी आली ती बाळंतपण झाल्यावर, चाळीस दिवसांचं बाळ घेऊन. काचेपाशी उभी राहिली. "काका, ये किसने लिखा?"

"मी."

मी सगळं सांगितलं. झडप, पायऱ्या, सूज. मग बारावी खूण का नाही, असं मीच तिला विचारलं. फोन तर झाला होता.

"उस दिन मैंने पूछा ही नहीं, काका. पूरा टाइम आनेवाले बेबी की बात करती रही... बाबा सुनते रहे."

तिच्या-माझ्यापैकी कुणाची चूक मोठी, याचा हिशेब मला जमलेला नाही.

घर आता बंद आहे. कागद माझ्याकडे आहे. खुणा काचेवरच राहिल्या. रविवारी नऊला पल्लवीचा फोन मला येतो. "काका, कैसे हो आप?" कागद समोर असतो, त्यावरचे पाच अजून कुणी वापरलेले नाहीत. मी चष्मा लावतो आणि सकाळी लिहून ठेवलेलं वाचून दाखवतो.

"बीपी एकशे अठ्ठेचाळीस-ब्याण्णव. उजवा गुडघा दुखून राहिला. थकलो आहे, बेटा."