काहिलीतली माझी बाजू

काहील म्हणजे उसाचा रस कढवून गूळ करायची भली मोठी कढई. पूर आला की नाव बंद व्हायची, मग आमच्या गावात तीच पाण्यात सोडून माणसं कृष्णेपार न्यायचे. मी साताऱ्याची, नदी फक्त पुलावरून बघितलेली. लग्न होऊन सांगलीकडच्या या गावात आले तेव्हा एकाहत्तर साल असेल. काहिलीत बसायचं म्हटलं की मी सगळ्यांच्या मागे राहायचे.

काहील गोल, तिला ना पुढचं टोक ना मागचं. नावाडी वजन बघून माणसं समोरासमोर बसवायचा. मी आणि माझी थोरली जाऊ, आक्का, सारख्याच अंगाच्या, म्हणून नेहमी एकमेकींसमोर. पहिल्याच पावसाळ्यात परतताना काठ जवळ आला आणि मला धीर धरवेना. नावाडी "बसा" म्हणेपर्यंत मी उडी मारून काठावर. माझी बाजू हलकी झाली, तिची खाली गेली, आणि आक्का पाण्यात. नावाड्याने तिला केसांना धरून वर ओढलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. घरी सासूबाईंना तिने सांगितलं, "माझाच पाय घसरला." मी शेजारी उभी होते आणि एक अक्षर बोलले नाही. बुडायला घाबरले ते घाबरलेच, बोलणी खायलाही घाबरले.

पुढची दोन वर्षं पुराच्या दिवसांत आक्का नदीकडे फिरकली नाही. मग तिला दिवस राहिले. आठवा सरत आला आणि सुईण म्हणाली, "प्वार आडवं हाय, सांगलीला न्या." नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. आक्काचा नवरा पलटणीत. काहील ढकलत पोहत न्यायला माझा नवरा आणि नावाडी. तिच्यासमोर कुणाला बसवायचं हे निघालं, तशी मी सासूबाईंच्या पाठीमागे सरकले.

"हिलाच बसवा," आक्का म्हणाली.

"आक्का, मी नको."

"तूच. काय हुतं त्ये तुला आता ठावं हाय."

सासूबाई बाजूला झाल्या.

आक्काचं वजन वाढलेलं, म्हणून माझ्या पाठीशी ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलं. मध्यावर काहील गरकन फिरली. गावाचा काठ कुठला, पलीकडचा कुठला, मला कळेना. आक्काने दोन्ही हात पोटावर ठेवले होते, कड धरलीच नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मागचं विसरून पुढे जावं असं लोक सांगतात. मी विसरले असते तर त्या दिवशी दोन जीव गेले असते.

काठ आला आणि पुन्हा तस्संच वाटलं, ऊठ, पळ. मी पाय पोटाशी घेतले आणि बोटं पांढरी होईपर्यंत कड धरून ठेवली. दोघांनी आक्काला उचललं. तिची बाजू वर आली, माझी खाली गेली, पाणी कडेवरून माझ्या मांडीवर आलं. समोर कोरड्या काठावर आक्का उभी होती. त्या पहिल्या वेळी पाण्यात जाताना तिने मला असंच बघितलं असणार.

"वैनी, चला, गाडी थांबलीय," नावाडी म्हणाला.

"ती उतरू दे आदी," आक्का म्हणाली आणि जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात पोट चिरून मुलगी काढली. दोघी वाचल्या. पाणी उतरल्यावर सासूबाई आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, पहिल्या उडीपासून. आक्का डोळे मिटून पडली होती, पण जागी होती.

सासूबाईंनी नातीचं दुपटं सारखं केलं. म्हणाल्या, "मला तवाच कळलं हुतं. तिचा पाय घसरला असता तर तूबी भिजली असतीस. तुझं पातळ कोरडं हुतं."