कोशाच्या पुठ्ठ्यातली चावी

बाइंडरकाकांकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते शाळेच्या ग्रंथालयात. दर मोठ्या सुट्टीत ते फाटकी पुस्तकं शिवायला येत आणि खिडकीजवळच्या टेबलावर खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं मांडून बसत. त्या दिवशी भूगोलाच्या एका जाड पुस्तकातून कुणा विद्यार्थिनीची चिठ्ठी खाली पडली. शिक्षिकेच्या सवयीने मी हात पुढे केला. त्यांनी चिठ्ठी न वाचता तिची घडी घातली, नव्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कापडाचा एक छोटा खिसा चिकटवला आणि ती त्यात सरकवून दिली.

"जिची आहे ती शोधत येईल, बाई. पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या."

मला राग आला आणि माणूसही आवडला. पुढे वीस वर्षं माझी सगळी पुस्तकं त्यांनीच बांधली.

त्यांनी लग्न केलं नाही. पुढे दुकान, मागे खोली, एवढाच संसार. जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तोही दुसऱ्या शहरात. एकदा काकांना चक्कर आली तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना बाहेर काढलं होतं. पुतण्या धावत आला, मोडकी कडी पाहिली आणि म्हणाला, "काका, पुन्हा दार फोडायची वेळ आली तर दुकान बंद. मुकाट्याने माझ्याकडे यायचं."

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी इस्पितळातून फोन आला. "मोतीबिंदूचे पेशंट आहेत. तातडीच्या वेळी कळवायला तुमचा नंबर दिलाय. नात्याच्या रकान्यात 'गिऱ्हाईक' असं लिहिलंय. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

नंतर मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "निदान विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असता," ते म्हणाले. "आणि पुतण्याचं नाव घातलं तर तो मला उचलूनच नेईल. माझा दाब कुठे ठेवू त्याच्याकडे? बाल्कनीत धुण्याचं मशीन आहे." दाब म्हणजे बांधलेली पुस्तकं आवळून ठेवायचं त्यांचं लोखंडी यंत्र. चार माणसांनाही हलणार नाही असं.

मग आम्ही एक रीत ठरवली. सकाळी आठला त्यांनी माझ्या फोनवर दोन रिंग द्यायच्या, मी उलट एक द्यायची. दुकानाच्या दाराला मोडक्या कडीऐवजी आता आतून-बाहेरून चावीने उघडणारं कुलूप होतं; त्याची जादा चावी मी माझ्या दारामागच्या खिळ्याला अडकवणार होते. "खिळ्यावरची चावी दहा जण बघतात," म्हणत त्यांनी माझा जाडजूड इंग्रजी कोश नेला आणि नवा बांधून आणला. मागच्या पुठ्ठ्यात खिसा, खिशात चावी.

तेव्हापासून माझ्या जिवाला सकाळच्या आठचा घोर लागला. आठला दोन मिनिटं कमी असली की चहा घशाखाली उतरत नसे. सूनबाई थट्टा करायची, "आला का हो आई, काकांचा फोन? म्हणजे आम्हाला नाश्ता मिळेल."

त्या मंगळवारी फोन आला नाही. सव्वाआठला मी केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा केला. मग चावी काढायला कपाटाशी गेले. कोशाच्या जागी नुसती फट होती.

महिन्यापूर्वी समोरच्या घरातल्या सिस्टरने तो परीक्षेच्या अभ्यासाला मागितला होता. ती इस्पितळात परिचारिका. माझी बत्तीस वर्षं शाळेत मुलींना पुस्तकं देण्यात गेली. हात पुढे आला की पुस्तक ठेवायचं, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. चावीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मी तिला फोन लावला. "कोश कुठाय गं?"

"इथेच, माझ्या लॉकरमध्ये. मधल्या सुट्टीत वाचते ना. काय झालं बाई?"

"मागच्या पुठ्ठ्यात हात घाल."

थोडा वेळ नुसती खुडबुड. "अगंबाई, चावी!"

"बाइंडरकाकांच्या दुकानाची आहे. ते फोन उचलत नाहीत."

"मोठ्या सिस्टरना सांगते आणि निघते. पंधरा मिनिटं."

मी दुकानापाशी पोचले तेव्हा एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्या पायात सुनेची. दार आतून बंद. पुन्हा फोन लावला, तर तो आत वाजताना ऐकू आला. शेजारचा शिंपी लोखंडी पहार घेऊन आला.

"फोडू का, बाई?"

"चावी येतेय. जरा थांबा."

"थांबा काय म्हणता? आत माणूस आहे!"

बरोबरच होतं त्याचं. दार वाचवण्यापायी मी माणूस घालवत होते की काय? माझ्या विसरभोळेपणाची किंमत त्यांनी का द्यावी, आणि कशाने, दुकानाने की जिवाने?

"फोडा," मी म्हटलं.

त्याने पहार उचलली आणि आतून आवाज आला. टक टक. लाकडावर दोनदा.

"थांबा हो!" मी ओरडले आणि दारावर एकदा थाप मारली.

पुन्हा टक टक.

मग मी दर मिनिटाला एक थाप मारत राहिले आणि ते दोनदा उत्तर देत राहिले. शिंप्याने पहार खाली ठेवली नाही, पण उगारलीही नाही. एकदा उत्तर आलं नाही. मी दुसरी थाप मारली, तिसरी मारली. शिंपी माझ्याकडे बघायला लागला. मग आलं, अगदी हळू, टक... टक.

सिस्टर गणवेशातच आली, काखेत कोश. कुलूप तिनेच उघडलं.

काका दाबाच्या पायथ्याशी आडवे पडले होते, एक पाय वाकडा. फोन वर टेबलावर राहिलेला. हातात कागदाची घडी बसवायची हाडाची पट्टी होती, तीच ते टेबलाच्या पायावर आपटत होते.

"हलू नका हं, काका," सिस्टर खाली बसत म्हणाली.

ते माझ्याकडे बघत होते. "बाई, दार?"

"शाबूत आहे."

त्यांनी डोळे मिटले. "दाबातली पुस्तकं संध्याकाळपर्यंत काढू नका. ओली आहेत."

मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळातला फॉर्म या वेळी मी भरला. नात्याच्या रकान्यापाशी क्षणभर थांबले आणि 'गिऱ्हाईक' असंच लिहिलं. पुतण्या आला तो इस्पितळाआधी दुकानात गेला. कुलूप दोनदा लावून-उघडून पाहिलं. "दार कुणी उघडलं?" त्याने विचारलं. "चावीने उघडलं," मी म्हटलं. काका उठून चालू लागेपर्यंत तो महिनाभर राहिला आणि त्यांचं सगळं करून एकटाच परत गेला.

चावी आता माझ्या गळ्यातल्या साखळीत आहे. सात पन्नासपासून मी फोनजवळच असते. तेवढी धाकधूक काही गेली नाही.

काका काठी घेऊन चालतात, दुपारपर्यंतच काम करतात, आणि फोन बांधणीच्या फितीने गळ्यात अडकवून ठेवतात.