कडेवरची लेकरं

सत्तावन्न साली दिलशादला मास्तरकी मिळाली ती पिंपळवंडीजवळच्या एका वाडीवर. घर जुन्नरचं, वडील कागद बनवणारे. शाळा म्हणजे देवळाची ओवरी, चार इयत्ता आणि एकटी दिलशाद. चौथीला गणित घालावं तर पहिली भांडायची. पहिलीला गप्प करावं तोवर तिसरी उठून बाहेर. त्यात मुली धाकटी भावंडं कडेवर घेऊन यायच्या, कारण आया कांदे लावायला गेलेल्या. कुणी रडायचं, कुणी पाटीवर मुतायचं. संध्याकाळी दिलशादचा आवाज बसलेला असे.

"उद्या मी जात नाही," ती घरमालकीण झुंबरबाईंना म्हणायची.

"मग काय, बापाकडं कागदाचा लगदा कुटायला जाता?" झुंबरबाई हसायच्या.

एका दुपारी चौथीतल्या भागूचा कडेवरचा भाऊ रडायचा थांबेचना. दिलशाद ओरडली, "उद्यापासून लेकरं आणायची नाहीत. कुणीच!"

दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुली एकट्या आल्या. त्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस होतं. भागू आली नाही. पण ओवरी शांत होती. अपूर्णांक पुढे सरकले. दिलशादला इतकं बरं वाटलं, की उद्या चौकशी करू, परवा करू म्हणताना कांद्याची लागण संपत आली. चौथीत अपूर्णांक कळणारी भागू एकटीच होती.

शेवटी दिलशाद मळ्यात गेली. बाभळीला झोळी टांगलेली, आणि बायकांच्या रांगेत भागू रोपं लावत होती.

"साळुबाई, हिला पाठवा. लेकरू आणलं तरी चालेल."

भागूची आई उठून उभी राहिली. "आता कशाला वो, बाई? रडकं हितं असलं की काम व्हत नव्हतं, म्हनून दोगांना शाळंत धाडायचो. तुमी नगं म्हनलात, मग झोळी बांदली. पोरीचं हात मोकळं झालं. लई चपळ हाय!"

"अहो, तिची परीक्षा आहे."

"पास हून बी कांदंच लावायचं की."

आवाजात राग नव्हता. दिलशादला तेच सोसेना. साळुबाईंनी वर मेथीची जुडी हातात कोंबली.

भागू बांधापर्यंत पोचवायला आली.

"बाई, आता शाळंत गलका नसंल न्हवं?"

असतो, असं सांगायचं दिलशादच्या मनात होतं. तोंडून निघालं, "नाही."

"बरं झालं," भागू म्हणाली. "लई तरास व्हायचा तुमाला." आणि आईने हाक मारायच्या आत ती वाफ्याकडे पळाली.