गेलेला भुजंग, आलेला भुजंग

दैवशाला नवीन जालन्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जुन्या ग्रीकांना काळ कसा दिसायचा, हा तिचा आवडता धडा. त्यांच्यातले काही म्हणत, सगळं जग जळून पुन्हा जसंच्या तसं उभं राहील, तीच माणसं तेच भोग भोगतील. मग ख्रिस्ती विचारवंत आले आणि म्हणाले, छे! येशू एकदाच मेला, पुन्हा मरायचा नाही. काळ सरळ पुढे जातो. मुलं परीक्षेपुरतं लिहून घेतात आणि मोबाइल काढतात. शिकवणारीला मात्र हा धडा झोपू देत नाही.

कारण केदारखेड्याला, तिच्या माहेरी, हाच वाद घरात नांदतो. तिचा थोरला भाऊ भुजंग ऐन तारुण्यात शेतातल्या विहिरीत बुडून गेला. पुढे धाकट्या परमेश्वरला मुलगा झाला, तेव्हा आई सखूबाई बारशालाच म्हणाली, "माझा भुजंग आला माघारी." नाव ठेवायचा मान आत्याचा. दैवशालानंच पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं आणि मेलेल्याचं नाव जिवंताला दिलं. आईचं रडणं थांबलं, तेवढंच तेव्हा तिला दिसलं.

तेव्हापासून पोराला स्वतःचं असं काही उरलंच नाही. थोरल्याला कारलं आवडायचं, म्हणून याच्याही ताटात कारलं. हा मुकाट गिळतो. विहिरीकडे तर फिरकायचंच नाही. गावातली शेंबडी पोरं पाठीला रिकामा कॅन बांधून धबाधब उड्या मारतात. याला मिसरूड फुटलं तरी पोहता येत नाही. बुडायला जे लागतं, ते आजीनं मायेनं जमवून ठेवलेलं. दैवशालाला वर्गात शिकवताना त्याचाच चेहरा दिसायचा, निथळत असलेला.

या दिवाळीत त्यानंच विषय काढला. "आत्या, मला बी वाटून राह्यलंय, मी त्या विहिरीतच जानार."

तिनं परमेश्वरला दोर घ्यायला लावला आणि भर दुपारी तिघं विहिरीवर गेली. सखूबाई मागून धावत आली. "नेऊ नको गं! तवा गेल्ता तसाच जाईल!"

"ह्यो त्यो न्हाई, माय," दैवशाला म्हणाली.

पाठीला कॅन, कमरेला दोर. पोरानं डोळे मिटून उडी टाकली. पाणी फुटलं आणि वर मिटलं. तेवढ्या वेळात दैवशालाचं सगळं शिकलेलं वाहून गेलं. तिच्या डोळ्यांदेखत भाऊच पुन्हा खाली चालला होता. मग डोकं वर आलं. खोकत, थुंकत, हातपाय झाडत पोरगं पायरीला लागलं आणि खदाखदा हसलं. असं हसताना त्याला घरात कुणी पाहिलं नव्हतं.

दैवशालाला हुंदका आवरेना. तशीच ती आईकडे वळली. सखूबाई काठावर मटकन बसली होती. नातवाकडे तिचं लक्ष नव्हतं, ती खाली पाण्याकडे बघत होती.

"ह्यो तर निघाला वर," ती म्हणाली. "मंग माझा भुजंग मेलाच का गं?"