मोठ्या बाईंचा पट

‘बसा हो, घाई कसली?’ असं मोठ्या बाई म्हणाल्या की समजावं, समोरच्याचं काम आज होत नाही. त्या स्वतः उठून खुर्ची पुढे ओढायच्या, टेबलफॅन त्याच्याकडे वळवायच्या आणि शिपायाला चहा सांगायच्या. माणूस चहा पिऊन, आभार मानून, रिकाम्या हाताने जिना उतरायचा. आपल्याला नाही म्हटलंय हे त्याला घरी पोचल्यावर कळायचं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं गोड माणूस असेल. जरा जपून राहा, एवढंच सांगतो.

काळाचौकीतल्या आमच्या पालिकेच्या मराठी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. स्टाफमध्ये सगळ्यात नवा मीच, त्यामुळे पाचवीचा वर्ग आणि पडेल ते काम माझ्या गळ्यात.

मे महिन्यात लोक गावाला जातात, आम्ही मुलं शोधायला निघायचो. सप्टेंबरअखेर पट मोजतात. तो खाली गेला की एक शिक्षक जादा ठरतो आणि त्याला शहराच्या कुठल्याही टोकाला पाठवतात. म्हणून ही पायपीट. बाई साडीखाली स्पोर्ट्स शूज घालायच्या, चाळीच्या चौकात उभ्या राहून वरच्या गॅलऱ्यांमधल्या दोऱ्या न्याहाळायच्या. ‘तिसऱ्या माळ्यावर दोन छोटे फ्रॉक वाळतायत, सर. चला.’ एकदा धापा टाकत वर गेलो तर फ्रॉकवाली सुट्टीला आलेली भाची निघाली, राहणारी नाशिकची. बाईंनी तिच्या आईलाही सांगून ठेवलं, ‘मुंबईला बदली झाली तर आमची शाळा लक्षात असू द्या.’

बाईंची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. मुलींच्या डोक्यातल्या उवा त्या मांडी घालून काढायच्या. उपाशी आलेल्या पोराला स्वतःचा डबा द्यायच्या, वर भाजी आवडली का विचारायच्या. पण त्यांची नात दादरच्या खासगी शाळेत होती. माझा मुलगाही खासगीतच. स्टाफरूममध्ये हा विषय कोणी काढायचं नाही, एवढी लाज आम्हाला होती.

आमच्या शाळेत एक मुलगी होती, चौथी पास झालेली. मूळची मालवणकडची. बाप परळच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय, आई पोळीभाजी केंद्रात. त्यांची चाळ पाडायला निघाली आणि ते डोंबिवलीच्याही पुढे भाड्याच्या खोलीत राहायला गेले. जायच्या आधी आई सल्ल्याला आली. तिथली पालिकेची शाळा हमरस्त्यापलीकडे, अर्ध्या तासाच्या चालीवर. खासगी शाळा बिल्डिंगच्या समोर. तिथे पाचवीत एकच जागा उरलेली. मुलीला कुठे घालू, असं ती विचारत होती.

‘खासगीत काय सोनं लावलंय?’ बाई म्हणाल्या. ‘आमच्याकडेच ठेवा. नाव राहू दे इथे.’

‘एवढ्या लांबून ती रोज कशी येणार, बाई?’ असं म्हणून ती माझ्याकडे वळली. ‘सर, तुमचा मुलगा खंय असता?’

मी म्हणालो, ‘खासगीत.’

‘मग?’ ती म्हणाली. तिचं तिथेच ठरलं, आणि बरोबरच ठरलं.

जूनमध्ये ती दाखला मागायला आली. त्या वर्षी आमचा पट अगदी काठावर होता. एक नाव कमी झालं असतं तर जादा ठरणारा शिक्षक मी होतो. बाईंनी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि दाखल्याचं पुस्तक वॉर्ड ऑफिसात गेलंय असं सांगितलं. पुस्तक त्यांच्याच कपाटात होतं. पंधरा दिवसांनी आली तेव्हा सही करणारे साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला जन्मतारीख पडताळायची होती. दर वेळी आईचा अर्धा दिवस बुडायचा आणि दर वेळी ती बाईंचे आभार मानून जायची.

चौथ्या खेपेला, जुलैअखेर, तिने मला जिन्यात गाठलं. ‘सर, ते शाळावाले म्हणतात, अजून आठ दिवस जागा ठेवतो. दाखल्याशिवाय घेतच नाहीत का हो?’

दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असा कायदा आहे. तो मला पाठ होता, बाईंनाही पाठ होता. तिला एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी ती तिथे जाऊन भांडली असती. भांडणारी होती ती.

मी म्हणालो, ‘नाही घेत.’

मुलगी घरी बसली. धाकट्या भावाला सांभाळायची, त्याला सोडायला खासगी शाळेच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. भावाला तिथे बालवर्गात घेतलं होतं, त्याला दाखला लागत नव्हता. इकडे मी रोज सकाळी हजेरी घेताना तिच्या नावापुढे हजर मांडत होतो. बाईंनी तसं सांगितलं नव्हतं. ‘तुमचं तुम्ही बघा’ एवढंच म्हणाल्या होत्या. मी बघितलं. पट मोजून झाला, माझी जागा वाचली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी दाखला लिहिला. अक्षर मोत्यासारखं. वर मुलीसाठी नवी कंपासपेटी दिली. आई पाया पडायला वाकली तर बाईंनी तिला वरच्यावर उचललं. ‘अहो, लेकरांसाठीच तर करतो आपण.’ हे म्हणताना त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मी त्यांना कधीच पुरतं ओळखू शकलो नाही, ते यामुळे.

समोरच्या शाळेतली जागा केव्हाच भरली होती. आता पुढच्या जूनला या, पाचवीतच बसवू, असं त्यांनी सांगितलं. ते नंतर बापाने फोनवर कळवलं, तक्रारीच्या सुरात नाही.

बाई पुढच्या मे महिन्यात रिटायर झाल्या आणि त्यानंतरच्या थंडीत गेल्या. रात्री जेवून निजल्या त्या उठल्याच नाहीत. शोकसभेत मलाच बोलायला लावलं. मी म्हणालो, ‘बाईंनी एकाही मुलाला शाळेबाहेर राहू दिलं नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या दिवशी माझीच किळस आली, तरी भाषण मी पूर्ण केलं.

यंदा मे महिन्यात लालबागला मसाला कुटायला गेलो होतो. डंकासमोरच्या रांगेत ती मायलेकी. मसाला अजून इथलाच लागतो म्हणून तिकडून आलेल्या. मुलगी उंच झाली होती.

‘मोठ्या बाई बऱ्या आहेत ना?’ आईने विचारलं. मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. ‘देवमाणूस हो. वरून ऑर्डर नव्हती, त्या बिचाऱ्या काय करणार? हिचं वर्ष गेलं, ते आमच्या नशिबात होतं.’

‘कितवीत आता?’ मी मुलीला विचारलं.

‘सहावीत जाणार. माझ्या तुमच्याकडच्या मैत्रिणी सातवीत.’ मग ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, ‘सर, माझ्या दाखल्यावर लिहिलंय, मी ऑक्टोबरात शाळा सोडली. म्हणजे तोपर्यंत मी तुमच्या वर्गात होते ना?’

मी हातातली मिरच्यांची पिशवी खाली ठेवली.

‘मग मला काय शिकवलंत?’

‘गप गो, सरांशी असं बोलतात?’ आईने तिचा दंड ओढला आणि माझी माफी मागितली. रांग पुढे सरकली तशा त्या आत गेल्या. बाईंना यावर काहीतरी गोड सुचलं असतं. मी मिरच्यांची पिशवी उचलली आणि मसाला न कुटताच घरी आलो.