हवाई अंतर

धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेल्या आबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "हवाई मार्गानं वीसच मिनिटं!" धुळे-जळगाव विमान नाही, ही क्षुल्लक गोष्ट मोबाइलने त्यांना सांगितली नव्हती. प्रत्येक खड्ड्याला ते टोपी सावरत आणि मोठ्याने म्हणत, "विकास चालू शे!"

मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आबांनी तिच्याशी पाच वर्षं अबोला धरला होता. आज ती पुण्याहून विमानाने जळगावला येणार होती आणि ते तिला भेटायला निघाले होते, हे त्यांनीच मला सांगितलं.

पारोळ्याच्या अलीकडे कापसाचा ट्रक आडवा झाला आणि आमचं उड्डाण तिथेच संपलं. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. मुलगी पोहोचलीसुद्धा होती.

"तू हवामातून उनी, मी आजून खड्डामाच शे," आबा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी पिशवी उचलली. मुलगी जळगावहून गाडी करून पारोळ्यापर्यंत येणार होती.

"बसा ना आबा, ट्रक निघेल आता," मी म्हणालो.

"पाच वरीस बसीच ऱ्हायनू ना, भाऊ," असं म्हणून ते उतरले आणि पारोळ्याच्या दिशेने चालू लागले.