आत्याचे पाय

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आत्याच्या तेराव्यालाही नाही — आणि त्या दिवशी तर सारे तिच्याबद्दलच बोलत होते.

मी आईवेगळा, मला तिनेच वाढवलं. उतारवयात तिला मधुमेह जडला. आधी तहान, मग थकवा, मग पायांतली जाणीवच गेली. काटा रुतला तरी कळत नसे. वैद्यबुवांनी तिचे पाय माझ्यावर सोपवले. रोज तळवे निरखायचे, कडुनिंबाच्या कोमट काढ्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. अनवाणी चालू द्यायचं नाही. आणि काढा आधी आपल्या हाताने पाहायचा — तिला विचारून उपयोग नाही.

आत्या हसायची. "पाय आता तुझेच रे बाबा. दुखले तर तूच ओरड."

मी सगळं करत होतो. मनापासून? बरेच दिवस, हो. मग कंटाळलो.

वैशाख होता. एक पोथी नकलून श्रीमंतांच्या वाड्यावर द्यायची होती. स्नान करून सोवळ्यात लिहायला बसलो होतो. मध्येच उठून काढा चुलीवरून उतरवला, तिच्या पाय धुवायच्या परातीत ओतला. त्यात हात घालायचा म्हणजे सोवळं मोडणार — पुन्हा स्नान, पुन्हा खोळंबा. नाही घातला हात. लांबूनच म्हणालो, "आत्या, ठेव पाय."

वाफ मला दिसली नव्हती का? दिसली होती.

तिने पाय ठेवले आणि स्वस्थ बसून राहिली.

संध्याकाळी तळव्यांवर फोड दिसले. वैद्यबुवांनी कारण विचारलं. तिच्या देखतच मी म्हणालो — भर दुपारी देवळात गेली होती, तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्या असतील.

ती गेली होती, हे खरं. वहाणा बाहेर काढल्या होत्या, हेही खरं. बाकीचं तिला कसं कळावं? पाय तर काही सांगत नव्हते. माझं खोटं तिलाही पटलं.

घरच्यांनी तिचं देऊळ बंद केलं. फोड फुटले, चिघळले. बोटं काळी पडली. मी धुवायला बसलो की वासाने तीच ओशाळायची, भिंतीकडे तोंड करायची.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला. "ऐकलं नाही रे मी. तुला फार कष्ट पडले. रागावलास?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "असू दे, आत्या. नाही रागावलो."